डॉक्टरांसाठी धुतलेली वजडी

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. आमच्या गल्लीत विचारा, कंपनीत विचारा, सगळे तेच सांगतील. एकटं राहून राहून जिभेवरचा ताबा सुटतो, की ताबा नसतो म्हणूनच माणूस एकटं पडतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर काही सापडलेलं नाही. असो.

मी दापोडीला राहते, रेल्वेच्या रुळांपासून थोडं आत. नोकरी चाकणच्या बाजूला, कुरुळी फाट्याजवळच्या एका लहानशा कंपनीत. आजूबाजूला सगळे गाड्यांचे सुटे भाग करणारे, दिवसभर लोखंड ठोकल्याचा आवाज. मधोमध आमची शेड, एसी लावलेली, आत चपला काढून जायचं. शेजारच्या शेडमधली माणसं आम्हाला ‘दवाखानावाले’ म्हणतात. आम्ही औषधाची गोळीसुद्धा बनवत नाही. आम्ही काचेच्या, केसाएवढ्या बारीक तारांचं काम करतो. त्या तारांना फायबर म्हणतात.

पोटात दुर्बीण घालून तपासतात, ते बऱ्याच जणांनी पाहिलेलं असेल किंवा सोसलेलं असेल. त्या दुर्बिणीला एकच डोळा असतो. पडद्यावर आतडं झकास दिसतं, पण ते टोकापासून किती लांब आहे हे कळत नाही. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते समजेल. डॉक्टरांचा हात सवयीने चालतो, ते खरं. पण आतली गाठ नेमकी केवढी आहे हे सांगायचं, तर अंतर माहीत हवं. तेवढ्यासाठी आमची तार. एका फायबरमधून उजेड आत जातो, आतड्याच्या भिंतीवर पडतो, आणि शेजारच्या फायबरमधून जेवढा परत येतो तेवढा यंत्र मोजतं. त्यावरून मिलिमीटरचा आकडा येतो. भिंत जवळ असेल तर उजेड जास्त परततो, लांब असेल तर कमी. यात एक गंमत आहे. टोक भिंतीला अगदी टेकलं, तर उजेडाला वळून यायला जागाच राहत नाही आणि यंत्राला काहीच दिसत नाही. म्हणजे फार लांब असलं तरी अंधार, आणि चिकटलं तरी अंधारच. नवीन आलेली मुलं इथे हमखास फसतात.

माझं काम या फायबरची टोकं घासून गुळगुळीत करायचं. डिप्लोमा झाल्यापासून मी तेच करते आहे. सूक्ष्मदर्शकात बघत बारीक कागदावर आठाच्या आकड्यात हात फिरवायचा, पुसायचं, परत बघायचं. माझ्या खोलीला काचेची भिंत आहे आणि काचेपलीकडे डिझाइनवाले बसतात. ते दिवसभर बोलतात, फळ्यावर रेघोट्या ओढतात, भांडतात, चहा मागवतात. मला त्यांचे नुसते ओठ हलताना दिसतात.

सुरुवातीला आम्ही तार तपासायचो ती पांढऱ्या कार्डावर. मग साहेब म्हणाले, कार्ड बास झालं, आता खरं आतडं हवं. बकऱ्याचं चालेल. खाटकाकडून आणायचं. मीटिंगमध्ये हे बोलून झालं आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. एक जण फार गोड आवाजात म्हणाला, “मॅडम, तुम्हाला कल्पना असेल ना, कुठे चांगलं मिळतं?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या खोलीत मटण खाणारे निम्मे तरी होते, मी त्यांना धाब्यावर बोटं चाटताना पाहिलं होतं. पण कल्पना असायची ती मलाच. मी म्हणाले, “आहे ना. आमच्याकडे वजडी म्हणतात त्याला. खाऊन बघा कधी.” आणि काम घेतलं अंगावर. नाही म्हटलं असतं, तर ते काम कुणीच केलं नसतं आणि माझ्या तारा कार्डावरच राहिल्या असत्या.

दापोडीतले खाटीकचाचा मला लहानपणापासून ओळखतात. त्यांना मी सांगितलं, धुऊ नका, खरवडू नका, जशी निघेल तशी द्या. ते म्हणाले, “बेटा, तेरी अम्मी तो ऐसी कभी नहीं लेती.” मी म्हटलं, अम्मीसाठी नाहीये. आतड्यावर जो चिकट, ओला थर असतो, तोच आम्हाला हवा होता. जिवंत माणसाच्या पोटातही तो असतो, उजेड त्याच्यावरूनच परततो. आमचे सगळे आकडे त्या ओल्या, लालसर थरावर बसवलेले होते.

पहिल्याच आठवड्यात कंपनीच्या फ्रिजवरून बोंब झाली. पॅन्ट्रीत दूध, ताक, लोकांचे डबे असतात, तिथे ‘असलं काही’ ठेवू नये, अशी सगळ्यांना मेल आली. माझं नाव नव्हतं त्यात, पण ते काय मला कळत नाही? तेव्हापासून वजडी माझ्या घरच्या फ्रिजमध्ये. आदल्या दिवशी आणायची, पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात घालून वरून निळी चिकटपट्टी लावायची, आणि सकाळी बर्फाच्या पिशवीतून बसने न्यायची.

आणि जेवणाचं म्हणाल, तर तेही त्याच सुमारास झालं. मी आधी सगळ्यांबरोबर लांब टेबलावर बसायचे, कडेला का होईना. एकदा मी डबा उघडला आणि समोरून कुणीतरी म्हणालं, “आज काय, सॅम्पल का?” सगळे हसले. डब्यात शेपूची भाजी होती. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. डबा उचलला आणि मागच्या बाजूला जनरेटरच्या खोलीपाशी पायऱ्या आहेत, तिथे जाऊन बसले. मला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं, मीच उठले. पण नंतर परत ये असंही कुणी म्हटलं नाही. पायऱ्यांवर दुपारी सावली असते, एवढं मात्र बरं आहे.

घरी मी आणि आई. वडील गेले, भाऊ लग्नानंतर माणला फ्लॅट घेऊन राहायला गेला. तो रविवारी फोन करतो आणि तब्येत विचारतो. आईचा दिवस विहारातल्या बायका आणि टीव्ही यांत जातो. मी संध्याकाळी येते, ती ‘जेवतीस?’ म्हणते, मी हो म्हणते. मग ती टीव्ही बघते आणि मी मोबाइल. एकाच खाटेवर बसून. आमच्यात भांडण नव्हतं काही. कधीकधी मला वाटायचं, आम्ही दोघी फार लांब गेलोय की फार चिकटून बसलोय, हे आमच्या यंत्राला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

अशात एक दिवस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एका मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर सोमवारी आमची तार बघायला येणार होते. त्यांना पटली, तर त्यांच्याकडे चाचणी होणार. साहेब म्हणाले, “डेमो तुम्ही द्या. तुमच्याइतका हात कुणाचा स्थिर नाही. नीट झालं तर तुम्हाला डिझाइनमध्ये घेतो. पुढचं काम तिकडेच बसून करा.” मी कसंबसं बरं म्हणाले आणि बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं. काचेच्या पलीकडे. फळ्यासमोर. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला ते लांब टेबल दिसत होतं. त्या टीमचं म्हणून बसायचं, तर मला पायऱ्यांवर कोण बसू देणार होतं? मला इतकं काही हवंहवंसं वाटल्याला वर्षं लोटली होती.

रविवारी सकाळी मी चाचांकडून ताजी वजडी आणली आणि घरात आल्यावर, का कुणास ठाऊक, आईजवळ बसले. टीव्ही बंद केला आणि तिला सगळं सांगितलं. तार काय असते, उजेड कसा परततो, डॉक्टर कोण येणारेत. तिला किती कळलं देव जाणे, पण ती डोळे मोठे करून ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, “म्हंजे ते डाक्टर ही वजडी बघनार? आपल्या घरातली?” मी म्हटलं, हो, हीच, टेबलावर मांडणार त्यांच्यापुढे. मी डब्याला पट्टी लावून तो फ्रिजमध्ये ठेवला, तोवर ती त्याच्याकडेच बघत होती. मग मी सरावासाठी कंपनीत निघून गेले. जाताना इतकं हलकं वाटत होतं की बसमध्ये मी चक्क गुणगुणत होते.

सोमवारी डबा फ्रिजमधून काढला, बर्फात घातला, निघाले. चिकटपट्टी जागच्या जागी होती. उघडून बघायचं काही कारणच नव्हतं.

मीटिंगच्या खोलीत तीन डॉक्टर होते. त्यांच्यातल्या एक वयस्कर बाई मुख्य असाव्यात, बाकीचे दोघे त्यांच्या तोंडाकडे बघूनच मान हलवत होते. आमचे सगळे डिझाइनवाले भिंतीला टेकून उभे. मी हातमोजे घातले, तार बसवली, मशीन चालू केलं, डब्याची पट्टी काढली आणि झाकण उघडलं.

आत वजडी होती, कापसासारखी पांढरीशुभ्र. तिच्यावर ओल्या थराचा मागमूस नव्हता. गरम पाण्यातून काढून, चुना लावून, खरवडून खरवडून तिचा चिकटपणा पार काढून टाकलेला. कडांना हळदीचा पिवळा रंग. खोलीत मीठ-हळदीचा वास सुटला. आमच्या घरात सणावाराला सकाळी जो वास असतो, तोच.

काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं होतं, पण समोर तीन माणसं वाट बघत होती. डॉक्टरबाई पुढे आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “ही तर फोडणीला तयार आहे.” सगळे हसले. त्या वाईट हेतूने म्हणाल्या नाहीत, हे मला आजही मान्य आहे. पण पाठीमागून कुणीतरी हळूच म्हणालं, “मसाला तेवढा राहिला घरी.” मग जे हसू झालं ते वेगळं होतं. साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं, “हे काय आहे? सप्लायरने असं दिलं का?” साहेब मला वाट काढून देत होते, हे मला समजत होतं. चाचांच्या नावावर ढकललं असतं तर तिथल्या तिथे मिटलं असतं.

मी म्हणाले, “नाही. माझ्या आईने धुतली.”

मग हसायचंही कुणाला सुचेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, असू दे, दाखवा तुम्ही. मी स्क्रू फिरवून टोक बरोबर पाच मिलिमीटरवर नेलं. पडद्यावर आलं तीन. परत केलं, परत तीन. पांढऱ्या भिंतीवरून उजेड भरपूर परतत होता आणि यंत्राला वाटत होतं की भिंत जवळच आहे. माझा हात जराही हलत नव्हता, त्याचा काही उपयोग नव्हता.

मी खरं कारण सांगितलं. आमचे आकडे ओल्या, लालसर आतड्यावर बसवलेत, हे फार स्वच्छ झालंय, म्हणून चुकतंय. डॉक्टरबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “माझ्या पेशंटचं आतडं कधी सुजून लाल असतं, कधी पांढरं फटक, कधी जखमांनी भरलेलं. एका धुण्याने तुमचं यंत्र दोन मिलिमीटर चुकत असेल, तर मी आत काय करू? मला पाच हवेत तेव्हा पाचच हवेत.” मग त्यांनी चहा घेतला, साहेबांशी दोन गोष्टी बोलल्या आणि सुधारून कळवा म्हणून निघून गेल्या.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि मोकळी झाले असते. ते म्हणाले, “पुढचा डेमो डिझाइनमधला कुणीतरी देईल. तुम्ही तुमचं पॉलिशचं काम बघा. आणि सॅम्पल यापुढे बाहेरून मागवू.” काचेपलीकडे लगेच चर्चा सुरू झाली. दोन रंगांचे उजेड पाठवायचे आणि त्यांची तुलना करायची, म्हणजे भिंत कशीही असली तरी अंतर बरोबर येईल, असं काहीतरी. पुढे ते तसंच झालं आणि चांगलं झालं. दोष यंत्रातच होता, तो कधीतरी निघायचाच होता. पण कंपनीत आजही कुणाला तो दोष आठवत नाही. वजडी आठवते.

घरी येताना बसमध्ये मी एकेक वाक्य जुळवत होते. तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला. इतके महिने लावला नाहीस, मग आजच का. माझ्या आयुष्यात एक गोष्ट नीट होत होती, तिचंही तू मातेरं केलंस. नाशिक फाट्याला बस बदलेपर्यंत माझं भाषण पाठ झालं होतं. एरवी मी मनात बोलते त्याहून दुप्पट तोंडावर बोलते, त्यामुळे आईचं त्या दिवशी काही खरं नव्हतं.

आई उंबऱ्यात उभी होती. संध्याकाळचं ऊन अजून गल्लीत होतं. विहारात जायची ठेवणीतली पांढरी साडी तिने नेसली होती, केस नीट बांधले होते. मी चप्पल काढायच्या आत तिने विचारलं, “काय म्हनले डाक्टर?”

मी वाकून चप्पल काढत राहिले. तोंड उघडलं असतं तर भाषणच बाहेर पडलं असतं.

“वजडी सोच्छ व्हती ना? मी गरम पान्यातनं काढली बग, चुना लावला, सुरीनं खरवडली. मन भरंना म्हून परत खरवडली. माजी बोटं सोलली.” तिने बोटं पुढे केली. चुन्याने टोकं लाल होऊन फाटली होती. “म्हनलं, येवढे मोठे डाक्टर, समदी साळा शिकलेली मानसं. आपल्या घरातली वजडी बगून त्यांनी म्हनाय नगं, ह्यांच्यात घानच असती. लगीन झाल्यापास्नं मी कुनाला तसं म्हनू दिलं न्हाई. तुला कशी म्हनू दीन?”

पाठ केलेल्या भाषणातलं एकही वाक्य आता चालण्यासारखं नव्हतं. मला भयंकर रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि तो राग आता कुणावर काढायचा तेच कळेना. मी तिची बोटं हातात घेतली. कितीतरी दिवसांनी.

“म्हणाले, इतकी स्वच्छ वजडी आम्ही कुठे पाहिली नाही,” मी म्हणाले. “कुणी धुतली, विचारत होते. मी सांगितलं, माझ्या आईने.”

“असं सांगितलंस?”

“सगळ्यांसमोर.”

ती हसली. दात नसलेल्या जागा दिसेपर्यंत हसली. मग आत गेली, पाणी घेऊन आली, माझ्याजवळ बसली, आणि अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं तिने विचारलं, “मंग आता तरी त्यांच्यात बसून जेवशील न्हवं?”

मी तिला पायऱ्यांबद्दल कधी एक अक्षर बोलले नव्हते. “तुला कसं कळलं?” मी विचारलं.

“आगं, तुज्या बापाचा डबा चौघांत फिरायचा. परत यायचा तवा त्यात कुनाच्या लोनच्याचं तेल, कुनाच्या चटनीचा वास. तुजा डबा येतो, त्यात माज्याच भाजीचा वास. मी काय येडी हाय व्हय?”

इतके महिने ती रोज संध्याकाळी माझा डबा घासत होती आणि हे तिला रोज कळत होतं. ‘जेवतीस?’ याच्यापलीकडे तिने कधी विचारलं नाही, कारण मी काय उत्तर देईन तेही तिला ठाऊक असावं. माझ्या दिवसाचं काय झालं हे मला कुणाला तरी सांगायचं होतं. सांगण्यासारखं माणूस जगात एकच होतं, आणि त्याच माणसाला ते सांगायची सोय मी आताच घालवून बसले होते.

“हो,” मी म्हणाले. “उद्यापासून त्यांच्यातच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर नेहमीच्या डब्याशेजारी वडिलांचा मोठा, चार पुडांचा डबा भरून ठेवलेला होता. भाकऱ्या, भरली वांगी, ठेचा, वरच्या पुडात लाडू. आई म्हणाली, येकटीनं खाऊ नगं, समद्यांना वाढ, पयला दीस हाय. मला वाटलं, एकाच दिवसाचं असेल. ते रोजचं झालं. ती सकाळी लवकर उठते, गाणं म्हणत चौघांचा स्वयंपाक करते, आणि संध्याकाळी मी आल्यावर टीव्ही बंद करून विचारते, “आवडलं का गं त्यास्नी?” आमच्या घरात आता पुष्कळ बोलणं होतं. कोण काय म्हणालं, कुणी दुसऱ्यांदा मागून घेतलं, कुणाला तिखट लागलं, सगळं मला सांगावं लागतं. कुणाच्या घरचं लोणचं म्हणून मी फाट्यावरच्या दुकानातून पाकीट घेते आणि पुडात थोडं तेल लावून ठेवते.

एकदा डबा घेऊन त्या लांब टेबलापर्यंत गेलेही होते. सगळे आपापल्या बोलण्यात होते, मधे रिकामी खुर्ची नव्हती. मी वळून मागे गेले. डबा भरलेला परत नेता येत नाही, आणि तिच्या हातचं टाकवत तर मुळीच नाही. म्हणून रोज दुपारी मी जनरेटरच्या पायऱ्यांवर चार पुडं मांडून बसते आणि सगळ्यांच्या वाटचं जेवते.